वर्गात कोण बसतं, हप्ता कोण भरतं

नेटफ्लिक्सवरची 'मेड' ही मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा शेवट आठवत असेल. जोडीदाराच्या जाचातून निसटलेली, लोकांची घरं साफ करून पोट भरणारी ॲलेक्स आपल्या लहान मुलीला गाडीत बसवते आणि मोंटाना राज्यातल्या मिझूला शहराकडे निघते. तिथल्या विद्यापीठात तिला लेखन शिकायचं आहे. डोळ्यांसमोर तिथला डोंगर आहे, त्याच्या उतारावरचं पांढरं 'एम' हे अक्षर आहे. मालिका इथे संपते. दहा भाग तिच्यासोबत घुसमटलेले आपण एकदाचा श्वास सोडतो. सुटली बिचारी, कॉलेजला चालली.

मला बोलायचंय ते या शेवटानंतरच्या गोष्टीबद्दल. तिथे पोचल्यावर फी कुठून आली? लेक्चर चालू असताना मुलगी कुणाकडे होती? महिनाअखेरीला दोघी काय जेवल्या?

या प्रश्नांची उत्तरं देणारं पुस्तक आहे. ते मालिकेपेक्षा फारच कमी लोकांपर्यंत पोचलंय. स्टेफनी लँड या लेखिकेचं 'मेड' हे आत्मकथन २०१९ मध्ये आलं आणि गाजलं. बराक ओबामांच्या त्या वर्षीच्या उन्हाळी वाचनयादीत ते होतं. २०२१ मध्ये त्यावर ही मालिका निघाली. आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लँडचं दुसरं आत्मकथन आलं, 'क्लास'. त्याच्या उपशीर्षकात तीन शब्द शेजारी-शेजारी ठेवलेत: मातृत्व, भूक आणि उच्च शिक्षण. पहिल्या पुस्तकाचा आणि मालिकेचाही सुखान्त ज्या गावात होतो, त्याच गावात हे पुस्तक उघडतं. लेखिका पस्तिशीची आहे, एकटी पालक आहे, मोंटाना विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि लेखनाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलगी सहा वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. डोक्यावर शैक्षणिक कर्ज, आणि ते दर सेमिस्टरला वाढतंय.

नावातली गंमत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. मराठीतही 'वर्ग' म्हणजे शाळेची खोली आणि 'वर्ग' म्हणजे समाजातली पायरी. पहिल्यात बसायला मिळालं की दुसरा बदलेल, या भरवशावर आपली अख्खी शिक्षणव्यवस्था उभी आहे. 'क्लास' हे पुस्तक या भरवशाचा हिशेब मांडतं, आणि तो जुळत नाही हे दाखवतं.

ॲडमिशन म्हणजे शेवट नव्हे

पालक झाल्यावर पुन्हा शिकायला गेलेल्या माणसाची गोष्ट आपल्याला आवडते. दर वर्षी दहावीचा निकाल लागला की पेपरात एक बातमी असतेच: आई आणि मुलगा एकाच वेळी पास. दोघांचा पेढा भरवतानाचा फोटो, खाली 'जिद्दीला सलाम'. मी त्या बातम्या मन लावून वाचते, पण त्यात मला एक तपशील कधीच सापडत नाही. अभ्यासाच्या तासांत घरचं काम कुणी केलं? शेतावरची किंवा कारखान्यातली मजुरी बुडाली, तर ती भरून कशी निघाली? जिद्द मोजायला बातमीत जागा असते, पैसे मोजायला नसते.

लँड पैसे मोजते. हे या पुस्तकाचं पहिलं मोल. ती भुकेबद्दल लिहिते तेव्हा ती भूक रूपक नसते. घरात जे आहे ते आधी मुलीला, मग उरलं तर आपल्याला. वर्गातली इतर मुलं विशीतली. ती वर्कशॉपमध्ये एकमेकांच्या लिखाणावर बोलताहेत, आणि ही मनात आठवड्याचं वाणसामान जुळवतेय, पुढचं साफसफाईचं काम कुठून मिळेल ते बघतेय. दोन्ही एकाच डोक्यात, एकाच वेळी.

आणि तिचा वेळही पैशासारखाच खर्च होतो. लेक्चरचा तास म्हणजे कामाचा बुडालेला तास. कामाचा तास म्हणजे मुलीला कुणाकडे तरी ठेवण्याचा तास. तो फुकट मिळत नाही, आणि विकत घेतला तर कामाच्या कमाईचा मोठा भाग त्यातच जातो. मूल असलेल्या विद्यार्थ्याची फी अशी कॉलेजच्या पावतीवर दिसते त्याहून कितीतरी मोठी असते.

दोन बरोबर नियम, एक अडकलेली बाई

आमच्या धंद्यात 'डेडलॉक' नावाचा प्रकार असतो. दोन प्रोसेस चालू असतात. दोघींनी एकेक गोष्ट अडवून ठेवलेली असते, आणि पुढे जायला दोघींनाही दुसरीच्या हातातली गोष्ट हवी असते. त्या थांबून राहतात, कायमच्या. मजा अशी, की एकेकीचा कोड उघडून तपासला तर कुठे चूक सापडत नाही. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर. अडकतं ते सगळं मिळून.

'क्लास' वाचताना मला हा शब्द सारखा आठवत होता. अमेरिकेत गरिबांसाठी अन्नखरेदीला मदत करणारी 'स्नॅप' नावाची सरकारी योजना आहे. तिचा एक नियम असा: जो माणूस निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ कॉलेज करतो, तो सहसा या मदतीला पात्र नसतो. पात्र व्हायचं तर आपण अपवादात बसतो हे सिद्ध करायचं. आठवड्याला किमान २० तास पगारी काम करतो, किंवा घरात सहा वर्षांखालचं मूल सांभाळतो, किंवा एकटे पालक असून पूर्णवेळ शिकतो, अशी अपवादांची यादी आहे. म्हणजे शिकणाऱ्या गरीब माणसाबद्दल व्यवस्थेचं पहिलं उत्तर 'नाही' असतं, आणि 'हो' मिळवायला कागद लागतात.

दुसरीकडे पोटगी. मुलाच्या खर्चाची वाटणी ठरवताना तिथली कोर्टं फक्त प्रत्यक्ष कमाई बघत नाहीत. पालक पूर्णवेळ काम करत असता तर किती कमावला असता, तो आकडाही धरता येतो. कागदावर तो तर्क योग्यच आहे, नाहीतर जबाबदारी टाळायला कुणीही नोकरी सोडेल. पण शिकणाऱ्या आईला तो लावला की काय होतं? तिनं न कमावलेले पैसे तिच्या नावावर जमा धरले जातात. तिचं शिकणं काम न करण्याचा तिचा स्वतःचा निर्णय ठरतो.

कॉलेज म्हणतं हजर राहा. योजना म्हणते पात्रतेचे कागद आण. कोर्टाच्या हिशेबात तू कमवायलाच हवी होतीस. तिघांपैकी कुणीही खलनायक नाही. लँडचा राग कधी कधी माणसांवर निघतो, पण तिचं पुस्तक सर्वांत धारदार होतं ते अशा जागी, जिथे समोर रागवायला माणूसच नसतो, फक्त फॉर्म असतो.

कर्ज कशासाठी चालतं

इथे मला माझं थोडं सांगावं लागेल, कारण हे पुस्तक मी तटस्थपणे वाचलेलं नाही.

मी इंजिनिअर झाले ते कर्ज काढून. चार लाख रुपये, सहकर्जदार बाबा. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नव्हता, पण व्याज चालू होतं. त्यामुळे परतफेड सुरू झाली तेव्हा चार लाखांचे साडेपाच लाखांच्या आसपास झाले होते. सात वर्षं, महिन्याला जवळपास नऊ हजार. आज मी अठ्ठावीस वर्षांची आहे, पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते, आणि माझी मुलगी तीन वर्षांची आहे. कर्जाचे तेवीस हप्ते बाकी आहेत. गेल्या वर्षी मी एका मुक्त विद्यापीठात एम.ए. मराठीला नाव घातलं.

माझी तुलना लँडशी होऊ शकत नाही, हे आधीच सांगते. माझ्याकडे पगार आहे, नवरा आहे, मुलीला शाळेतून आणणाऱ्या सासूबाई आहेत. उपाशी झोपायची वेळ माझ्यावर आलेली नाही. तरीही पुस्तकातली एक गोष्ट मला नेमकी ओळखीची वाटली, आणि ती भूक नव्हती. कर्ज असलेल्या माणसाच्या इच्छांची इतरांनी चालवलेली तपासणी मला ओळखीची वाटली.

मी एम.ए.चं सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, शिकतेस ते चांगलंच. पण त्यानं पगार वाढणार आहे का?" बाबा फोनवर म्हणाले, "आधीचं फिटू दे बेटा, मग काय ते कर." टीममधला मित्र म्हणाला, "एवढा वेळ आहे तर क्लाउडचं सर्टिफिकेशन कर ना." तिघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. तिघांचा प्रश्न एकच होता: याचा उपयोग काय?

इंजिनिअरिंगसाठी चार लाख काढले तेव्हा हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. तेव्हा कर्ज म्हणजे गुंतवणूक होती. मुक्त विद्यापीठाची फी त्याच्यापुढे काहीच नाही, पण ती उधळपट्टी ठरली. फरक रकमेचा नव्हता, विषयाचा होता.

लँडला हाच प्रश्न खूप मोठ्या आवाजात विचारला गेला. एकटी आई, खायचे वांधे, वर कर्ज, आणि ही शिकतेय काय, तर लेखन! नर्सिंग का नाही? अकाउंट्स का नाही? आपणही वाचताना मनातल्या मनात तेच विचारतो. मी विचारलं. आणि पुस्तकाची खरी ताकद ही, की ते या प्रश्नाला आपल्याला हवं ते उत्तर देत नाही. लेखनानं पुढे पैसे मिळाले म्हणून ते शिकणं योग्य होतं, असा बचाव ती उभा करत नाही. गोष्ट पदवी आणि दुसऱ्या मुलीच्या जन्मापर्यंत येऊन थांबते. याच विद्यापीठातल्या लेखनाच्या पुढच्या पदवीसाठी तिनं अर्ज केलेला असतो, तो नाकारला जातो. बेस्टसेलर, नेटफ्लिक्स, यांचा उपयोग ती आधीच्या कर्जाची फेड म्हणून करत नाही. तिचं म्हणणं साधं आहे: मला हे शिकायचं होतं. गरीब माणसाला एवढं कारण पुरेसं असू शकतं का, हे ती आपल्यालाच ठरवायला लावते.

कर्जाच्या बाबतीत एक महत्त्वाचा फरकही इथे नोंदवायला हवा. अमेरिकेत विद्यार्थी कर्ज घरभाडं, जेवण अशा राहण्याच्या खर्चालाही वापरता येतं. त्यामुळे लँडसारख्या आईसाठी ते फक्त फीचं कर्ज राहत नाही. ते भाकरीचं कर्ज होतं. सेमिस्टर चालू ठेवलं तर घर चालतं. आणि हे कर्ज दिवाळखोरी जाहीर करूनही सहसा सुटत नाही, त्यासाठी कोर्टात वेगळं आणि अवघड दिव्य करावं लागतं. आपल्याकडे शैक्षणिक कर्जाच्या खर्चाची यादी असते: फी, हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप. पाळणाघर त्या यादीत नसतं. विद्यार्थी म्हणजे ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही असा अठरा ते बावीसचा मुलगा, हे त्या यादीनं गृहीत धरलेलं आहे. दोन देशांच्या दोन पद्धती, पण पालक-विद्यार्थी दोन्हीकडे डिझाइनमध्ये धरलेलाच नाही.

आपल्या पडद्यावरच्या आया

आपल्याकडेही आईनं शिकण्याचे सिनेमे आहेत, आणि मला ते आवडतात. म्हणूनच 'क्लास' वाचल्यावर ते पुन्हा पाहिले.

२०१६ च्या 'निल बट्टे सन्नाटा'मध्ये आग्र्यात धुणीभांडी करणारी चंदा मुलीच्याच दहावीच्या वर्गात जाऊन बसते. स्वरा भास्करनं ती भूमिका फार मोकळेपणानं केली आहे, आणि गणिताला घाबरलेल्या आईचा वर्गातला चेहरा विसरता येत नाही. पण चंदा शिकते कशासाठी? मुलीनं अभ्यासाला लागावं म्हणून. शेवटी नागरी सेवेच्या मुलाखतीला बसते ती मुलगी. आईचं शिकणं एका साधनापुरतं उरतं. चंदाला स्वतःला काय शिकायला आवडलं असतं, हा प्रश्न सिनेमाला पडत नाही.

२०१२ च्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये पुण्याची शशी न्यूयॉर्कला जाऊन गुपचूप इंग्रजीचा क्लास लावते, आणि फी भरते लाडू विकून साठवलेल्या स्वतःच्या पैशांतून. स्वतःच्या कमाईवर स्वतःसाठी शिकणारी बाई आपल्या पडद्यावर दुर्मीळच. पण परीक्षेच्या दिवशी काय होतं ते आठवा. लग्नघरचे लाडू मुलाकडून सांडतात, आणि शशी परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळायला बसते. मग लग्नात ती सुंदर भाषण करते आणि सर तिथेच तिला पास करतात. श्रीदेवी इतकी अप्रतिम आहे की आपण टाळ्या वाजवतो. पण सिनेमानं इथे एक सोय करून घेतली आहे. परीक्षा आणि लाडू यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा त्यानं शशीला लाडू निवडायला लावलं आणि सर्टिफिकेटही दिलं. खऱ्या आयुष्यात परीक्षेला गैरहजर असलेल्याच्या निकालपत्रात काय येतं, हे आपल्याला माहीत आहे.

दोन्ही सिनेमांत आईला शिकायची परवानगी आहे, पण एका अटीवर: तिनं कुणाचं काही अडू द्यायचं नाही. लँडचं पुस्तक ही अट मोडतं. तिच्या शिकण्यानं अडतं. मुलीची झोप, वेळ, लक्ष, सगळ्यावर त्याचा भार पडतो. ती दारू पिते, तिचे संबंध येतात, शेवटच्या वर्षात ती गरोदर राहते आणि ते मूल ठेवायचं ठरवते. अनेक वाचकांना हे खटकेल. ती ते झाकत नाही, आणि सहानुभूती मिळवण्यासाठी स्वतःला सोज्ज्वळही करत नाही. मदत मिळायला आधी आदर्श आई असणं सिद्ध करावं लागू नये, हे ती न सांगता सांगते.

जे पुस्तकात नाही

'क्लास' निर्दोष नाही. अडचणींची साखळी काही प्रकरणांत इतकी सारखी होते, की वाचक आकडे वाचल्यासारखा पुढे सरकतो. आजूबाजूची माणसं बऱ्याचदा तिच्या रागाच्या उजेडातच दिसतात. वर्गातल्या त्या विशीतल्या मुलांपैकी कुणाच्या डोक्यावर कर्ज असेल का, कुणी उपाशी येत असेल का, याकडे तिचं फारसं लक्ष जात नाही. 'मेड'मध्ये दुसऱ्यांच्या घरांतल्या वस्तूंवरून त्या घरांतली माणसं ओळखण्याची जी नजर होती, ती इथे कमी वापरली गेली आहे.

आणि एक मोठी अडचण, जिच्यात लेखिकेचा दोष नाही. हे पुस्तक आपल्या हातात आहे याचं कारण ती यशस्वी झाली. ज्या आया तिसऱ्या सेमिस्टरला गळाल्या, ज्यांच्याकडे पदवी नाही आणि कर्ज मात्र आहे, त्यांची आत्मकथनं येत नाहीत. आम्ही याला सर्व्हायवरशिप बायस म्हणतो: फक्त टिकलेला डेटा पाहून निष्कर्ष काढणं. लँड गोष्ट पदवीपाशी थांबवते खरी, पण मुखपृष्ठावरचं तिचं नाव पुढचं सगळं सांगून टाकतं. वाचक नकळत म्हणतोच, शेवटी सोनं झालं ना! मला वाटतं हे पुस्तक वाचताना मुद्दाम प्रयत्न करून ते यश विसरावं लागतं. समजा 'मेड' छापलंच गेलं नसतं. तरीही तिचं त्या वर्गात बसणं बरोबर होतं का?

माझं उत्तर हो आहे, आणि मला ते पटवायला कोणतंही स्प्रेडशीट नाही. परताव्याचं गणित मांडलं तर माझी एम.ए. तोट्यातच जाते. मुलीच्या झोपेनंतरचे दोन तास, शनिवारचा अर्धा दिवस, आणि शून्य पगारवाढ. पण ते गणित मांडायची सक्ती फक्त कर्ज असलेल्यांवर आहे, हे 'क्लास'नं मला दाखवलं. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांचं पुस्तकांचं कपाट आहे त्यांना साहित्य का शिकता असं कुणी विचारत नाही. ते शिकतात, मग तेच लिहितात, आणि मग आपण म्हणतो की आमच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

म्हणून यापुढे पालकानं पुन्हा शिकण्याची कुठलीही गोष्ट समोर आली, सिनेमा असो, पुस्तक असो की निकालाच्या दिवसाची बातमी, मी तिला तीन प्रश्न विचारणार आहे. लेक्चरच्या वेळी मूल कुणाकडे होतं? पैसे कुणी आणि कशाच्या बदल्यात दिले? आणि तिला किंवा त्याला स्वतःला काय शिकायचं होतं? तिन्हींची उत्तरं देणारी गोष्ट मला अजून फार कमी वेळा भेटली आहे. 'क्लास' त्यांतली एक आहे. प्रेरणा हवी असेल तर दुसरं काहीतरी वाचा. हिशेब हवा असेल, तर हे.